फक्त कॅल्शियम

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आई ओजस्विनीच्या उशाशी उभी होती. मी खोटं बोललो त्याला कारण एवढंच. याहून मोठं कारण असावं असं मला फार वाटतं, पण ते सापडत नाही.

ओजस्विनी माझी बायको. जूनमधली दुपार होती. त्या दिवसांत चंडीगढला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की तोंड भाजतं. ती घरूनच काम करते. जेवायला म्हणून उठली आणि कमरेत उजव्या बाजूला अशी कळ आली की स्वयंपाकघराच्या फरशीवरच बसली. आईने मला फोन करून आयटी पार्कातून बोलावून घेतलं, आणि आम्ही दोघांनी धरून तिला गाडीत बसवलं. हॉस्पिटलात पोचेपर्यंत ती ओकून ओकून थकली होती. सोनोग्राफी झाली. मूत्रपिंडात खडे निघाले, उजवीकडचा मोठा नळीत येऊन अडकलेला आणि डावीकडे आणखी बारीकसारीक. युरॉलॉजीचे डॉक्टर वयस्क सरदारजी होते, बोलायला मऊ. त्यांनी फाईल उघडून मला विचारलं, "कोई दवाई रेग्युलर चलती है इनकी?"

ओजस्विनी डोळे मिटून पडली होती. तिचा हात आईने दोन्ही हातांत धरला होता. आईला हिंदी येत नाही म्हणजे भाजीवाल्याला ती "कोथिंबीर ताजी दो हां, काल का मत दो" असं सांगते. पण दवाई म्हणजे काय ते तिला नक्की कळतं.

"कुछ नहीं," मी म्हणालो. "सिर्फ कैल्शियम."

ओजस्विनीने डोळे उघडले, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि परत मिटले. डॉक्टरांनी लिहून घेतलं.

ते कॅल्शियम नव्हतं. ते फिटचं औषध होतं, टोपिरामेट. ओजस्विनीला शाळेत असल्यापासून अपस्मार आहे. रोज सकाळी एक गोळी, रात्री एक गोळी, आणि ती घेतली की बाकी सगळं तुमच्या-आमच्यासारखं.

ही गोष्ट तिने माझ्यापासून कधीच लपवली नाही. आमचं लग्न ठरवून झालं. दुसऱ्याच भेटीत, पुण्यात, टेबलावर डोसा येण्याच्या आत तिने सांगून टाकलं की मला फिट्स येतात, औषध चालू आहे, कॉलेज संपल्यापासून एकही आलेली नाही, आणि तुला नको असेल तर आत्ताच सांग, डोसा खाऊन आपण आपापल्या घरी जाऊ. मी म्हणालो, त्यात काय एवढं. त्या दिवशी बाइकवरून परत जाताना मला स्वतःचा भयंकर अभिमान वाटत होता. आपण किती मोठ्या मनाचे आहोत, दुसरा कोणी असता तर पळून गेला असता, वगैरे. तिचे आईवडील मिरजेला येऊन माझ्या घरी सगळं मोकळेपणाने सांगणार होते. मीच त्यांना थांबवलं. म्हटलं, आईला मी सांगतो, योग्य वेळ आली की.

योग्य वेळ कसली येते. लग्न झालं, आम्ही चंडीगढला आलो, आई मिरजेलाच होती, त्यामुळे अडचण आली नाही. मग गेल्या वर्षी बाबा गेले आणि आई कायमची आमच्याकडे यायला निघाली. ती यायच्या आदल्या रविवारी मी कॅल्शियमच्या गोळ्यांची एक मोठी पांढरी बाटली आणली, आतल्या गोळ्या फेकल्या, आणि ओजस्विनीच्या औषधाच्या सगळ्या पट्ट्या एकेक करून फोडून त्यात भरल्या. आई बालवाडीची शिक्षिका होती. दिसेल ते वाचायची तिला सवय, आणि हातात मोबाईल. पट्टीवरचं नाव वाचून तिने पाच मिनिटांत सगळं शोधून काढलं असतं. ओजस्विनी दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, हे मला आवडत नाहीये. मी म्हणालो, थोडे दिवस, आई नुकतीच दुःखातून येतेय. बोलायला मी पहिल्यापासून हुशार.

तर ती बाटली डायनिंग टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी उघड्यावर राहायला लागली. आई कौतुकाने म्हणायची, आजकालच्या मुली हाडांची काळजी घेतात ते बरंय, आमच्या वेळी कुठलं काय. ओजस्विनी हसून पाणी प्यायची. मीही हसायचो.

कॅज्युअल्टीतल्या त्या दुपारी, डॉक्टर बाहेर गेल्यावर त्यांना कॉरिडॉरमध्ये गाठून खरं सांगायचं असं मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. गेलोही. तर कळलं की ते ऑपरेशन थिएटरमध्ये गेले. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते हायसं.

खडा दुर्बिणीने फोडून काढला आणि नळीत स्टेंट घालून तिला घरी पाठवलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही मी हेच सांगितलं होतं, कारण एकदा लिहिलेलं खोटं मग फाईलबरोबर आपोआप पुढे सरकतं, कोणाला जोर लावावा लागत नाही. ओजस्विनी शुद्धीवर आल्यावर मला म्हणाली, निदान यांना तरी सांग. मी म्हणालो, पुढच्या भेटीत सांगू, आता काढलाय ना खडा.

आईने घरी आल्या आल्या सूत्रं हातात घेतली. खडा म्हटल्यावर तिला आठवले हुलगे. इथे हुलगे कुठून मिळायचे या काळजीत ती होती, तेव्हा शेजारच्या ढिल्लों आंटींनी सांगितलं की हिमाचलवाले त्याला कुल्थ म्हणतात आणि मार्केटात हवे तेवढे मिळतात. त्या दिवसापासून घरात सकाळ-संध्याकाळ हुलग्याचं कढण. जिरं आणि लसणाची फोडणी घातलेलं, बरं लागायचं. तांब्या घेऊन आई ओजस्विनीच्या लॅपटॉपशेजारी उभी राहायची आणि पाणी पिऊन झाल्याशिवाय हलायची नाही. एवढं तर मी तिच्यासाठी कधी केलं नव्हतं. पुण्याच्या न्यूरॉलॉजिस्टांनी सुरुवातीलाच बजावलं होतं की या औषधावर पाणी भरपूर पी, हे मला ओजस्विनीने सांगितलेलं होतं. भरपूर म्हणजे किती आणि कशासाठी, हे मी विचारलं नव्हतं.

पुढच्या भेटीला आई बरोबर आली. तिला डॉक्टरांना विचारायचं होतं की टोमॅटो चालतो का. डॉक्टर खड्याचा तपासणी-अहवाल पुन्हा पुन्हा उलटून बघत होते. एवढ्या तरुण मुलीला, दोन्ही बाजूंना, घराण्यात कोणाला नसताना, हे त्यांना पटत नव्हतं. लघवीच्या काही तपासण्या त्यांनी लिहून दिल्या. पुन्हा विचारलं, बाकी काही औषध नाही ना? आई माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. ओजस्विनी माझ्याकडे बघत होती. मी नाही म्हणालो. तेव्हा ते म्हणाले की मग तपासण्या होईपर्यंत कैल्शियम की गोली बंद रखिए.

त्यांची काही चूक नव्हती. त्यांना जे सांगितलं त्यावर त्यांनी बरोबर सल्ला दिला.

त्या रात्री स्वतःचं जेवण झाल्यावर ओजस्विनीने नेहमीप्रमाणे बाटलीकडे हात नेला. आई म्हणाली, "अगं, डॉक्टर नको म्हणाले ना?"

ओजस्विनी थांबली. हात बाटलीवर तसाच ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. बोलायला त्याहून सोपी वेळ मला परत मिळणार नव्हती. माझ्या ताटात वरण-भात होता, टीव्हीवर बातम्या चालू होत्या, कोणी मरत नव्हतं. मी भाताला आणखी तूप मागितलं, ते आठवतंय. ओजस्विनी म्हणाली, आजची घेते आई, उद्यापासून बघू. तिने गोळी घेतली आणि उठून गेली.

आईला पोरी औषधाच्या बाबतीत हट्टी असतात हे ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी ऑफिसला आणि ओजस्विनी अंघोळीला गेल्यावर तिने बाटलीतल्या सगळ्या गोळ्या ओल्या कचऱ्यात ओतल्या, वर हुलग्यांचा चोथा टाकला, आणि कचऱ्याची गाडी आल्यावर डबा स्वतः खाली नेऊन रिकामा केला. रिकामी बाटली धुऊन तिने त्यात बडीशेप भरली. घरात नको ती वस्तू नको, आणि चांगली बाटली वाया जाऊ नये, असा तिचा सरळ हिशेब.

ओजस्विनीचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. बाहेर येऊन घेतला. ती अगदी हळू बोलत होती. आईंनी गोळ्या टाकल्या, म्हणाली. एकही उरली नाहीये, अ‍ॅपवर मागवल्यात पण परवाशिवाय येणार नाहीत. मग तिने विचारलं, मी आत्ता जाऊन आईंना सांगू का?

यावर मी काय म्हणालो ते लिहितानाही माझी मान वर होत नाही. मी म्हणालो, नको, तू नको सांगूस, आपल्या हातून औषध टाकलं गेलं हे कळलं तर तिला फार लागेल. मी संध्याकाळी गोळ्या घेऊनच येतो आणि मीच नीट समजावून सांगतो. म्हणजे मी शेपूट घालत होतो आणि तेही आईच्या मायेचं नाव घेऊन. ओजस्विनी म्हणाली, ठीक आहे, पण गोळ्या विसरू नको.

विसरलो नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं, निदान तसं सांगता आलं असतं. ऑफिसातून निघायला उशीर झाला. आमच्या मार्केटातल्या केमिस्टकडे तेवढ्या पॉवरची गोळी नव्हती. हॉस्पिटलसमोरच्या मोठ्या दुकानात मिळेल, तो म्हणाला. आधी घरी जाऊन चिठ्ठी घेऊ आणि मग जाऊ, म्हणून मी घरी आलो. आईने पानं घेतली होती. चिठ्ठी खिशात घालून मी परत चपला घालायला लागलो, तर ती आतून म्हणाली, "आता कुठे रे? गरम पोळी टाकलीय."

कुठे, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. मी चपला काढल्या आणि पाटावर बसावं तसा शहाण्यासारखा जेवायला बसलो.

नंतर खोलीत ओजस्विनीने फक्त एवढंच म्हटलं की तू सांगणार होतास. मी म्हणालो, शनिवारी सुट्टी आहे, निवांत बसून सांगतो, आणि गोळ्या उद्या नक्की. इतकी वर्षं घेतेयस, रक्तात असेलच की थोडं औषध. त्या दिवसांत डॉक्टरांपेक्षा जास्त मलाच कळत होतं. तिने दिवा मालवला आणि भिंतीकडे कूस वळवली.

दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत आईचा फोन आला. तिचा आवाज मला ओळखू येईना. ओजूला काहीतरी झालंय, म्हणत होती, डोळे फिरवलेत, हातपाय झाडतेय, तोंडातून फेस येतोय, रक्त येतंय, हे काय आहे, हेरंब, हे काय आहे? तिला ठाऊक नव्हतं. मला होतं. मी रूपेशला, माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राला, गाडी चालवायला सांगितलं. वाटेत तो म्हणाला, यार, वहिनींना मायग्रेन आहे ना, त्यातून असं होतं का? एकदा त्याने माझ्या ड्रॉवरमध्ये औषधाची चिठ्ठी पाहिली होती तेव्हा मीच त्याला सांगितलं होतं, मायग्रेनचं औषध आहे म्हणून. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. रूपेश काही माझी आई नव्हता. त्याला मी कशासाठी खोटं सांगितलं होतं, हे सेक्टरांमागून सेक्टर गेले तरी मला स्वतःला सांगता येईना.

ढिल्लों आंटींनी आणि त्यांच्या ड्रायव्हरने ओजस्विनीला हॉस्पिटलात आणलं होतं. ती गुंगीत होती. पडताना कपाळ चपलांच्या कपाटाला लागलं होतं, तिथे टाके घातले होते. ओठ सुजला होता आणि पुढच्या दाताचा कोपरा तुटला होता. आई बाहेरच्या बाकावर बसली होती. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना बँडेज होतं. दातखीळ बसलीय असं वाटून तिने आधी चमचा घातला होता, मग बोटं. आपल्याकडे असंच करतात. कांदा फोडून नाकाला लावायलाही ती धावली होती. तुटलेला दाताचा तुकडा तिने रुमालात बांधून आणला होता, डॉक्टर परत चिकटवतील म्हणून.

तरुण डॉक्टरीण बाहेर आली. आई लगेच उठून तिला सांगायला लागली, "पहली बार हुआ, बेटा. पहले कभी नहीं. एकदम अच्छी लडकी है मेरी. पहली बार." ती हे सगळ्यांनाच सांगत होती. आल्यापासून नर्सला, वॉर्डबॉयला, कागद करणाऱ्या माणसाला. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी पहिलीच फिट समजून मेंदूचा स्कॅन, पाठीच्या मणक्यातून पाणी काढायची तपासणी, असं बरंच काही ठरवलं होतं. माझं खोटं आता आईच्या तोंडून बोलत होतं, आणि ती मात्र त्यातला शब्द न् शब्द खरा समजून बोलत होती.

"पहली बार नहीं है," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. शाळेपासूनचा आजार, औषधाचं नाव, बाटली, परवाची रात्र. हिंदीतच सांगत होतो, आणि बोलता बोलता मला दिसत होतं की आईला सगळं समजतंय. डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. लिहिता लिहिता थांबल्या आणि फाईल मागे उलटून त्यांनी विचारलं की खड्याच्या वेळी हे सांगितलं होतं का? मी नाही म्हटलं. त्यांनी आवाज चढवला नाही. या औषधाने काही जणांना खडे होतात, म्हणाल्या. माहीत असतं तर युरॉलॉजीवाल्यांनी तुमच्या न्यूरॉलॉजिस्टशी बोलून हळूहळू औषध बदललं असतं, नाहीतर खड्यांवर वेगळा उपाय दिला असता. पण हे औषध असं एकदम बंद करायचं नसतं कधीच. मग पाठीतल्या पाण्याच्या तपासणीवर त्यांनी काट मारली आणि आत गेल्या.

आई बाकावर बसली. मीही बसलो, थोडं अंतर सोडून. ती बँडेजकडे बघत होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला चाललं नसतं."

"नसतं चाललं," आई म्हणाली. "लग्नाआधी कळलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. खोटं कशाला बोलू? चार दिवस अबोला धरला असता, तुझ्या मामाला बोलावून घेतलं असतं. पण लग्न झाल्यावर काय केलं असतं मी? घराबाहेर काढलं असतं पोरीला?" ती थांबली. "तिचं औषध मी कचऱ्यात टाकलं, हेरंब. माझ्या हाताने. वर चोथा टाकला."

मी म्हणालो, तुझी चूक नाही त्यात. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मला लहानपणापासून ठाऊक असलेल्या त्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. राग असता तर मी सोसला असता. ती मला नव्याने निरखत होती.

"तू मला भ्यालास असं तिला सांगत होतास ना इतके दिवस?" ती म्हणाली. "मला भिणारा तू कधी होतास? दहावीत सिगारेट ओढलीस तेव्हा नाही भ्यालास. नोकरी सोडलीस तेव्हा विचारलं नाहीस. तुला लाज वाटत होती तिची. नाव माझं लावलंस."

मला उत्तर द्यायचं होतं. मला रूपेश आठवला, ऑफिसच्या पार्ट्या आठवल्या, ओजस्विनी कोणाला सांगायला लागली की मी विषय कसा बदलायचो ते आठवलं. माझ्या मोठ्या मनाचा मला जो अभिमान होता, तोही कुणाला दाखवायचं माझं धाडस झालं नव्हतं. आई पदराने डोळे पुसून आत ओजस्विनीकडे गेली.

संध्याकाळपर्यंत ओजस्विनी पुरती जागी झाली. औषध पुन्हा सुरू झालं होतं, बदलायचं ते न्यूरॉलॉजीचे डॉक्टर टप्प्याटप्प्याने बदलणार होते. मी जवळ जाऊन तिचा हात धरला. तिने काढून घेतला नाही, पण धरलाही नाही. मी म्हणालो, आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगितलं आईंनी." तुटलेल्या दातामुळे तिचा स वेगळा ऐकू येत होता. मी माफी मागितली. ती छताकडे बघत म्हणाली की मी दोन दिवस तुझी वाट पाहिली, हेरंब. शेवटच्या क्षणी जिभेवर ती विचित्र चव आली, मला कळलं की आता येतेय, आणि समोर आई उभ्या होत्या, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मला त्यांना एक वाक्यसुद्धा सांगता आलं नाही.

घरी सोडायच्या आधी डॉक्टरीणबाई आल्या. घरात कोणाला तरी नीट माहीत पाहिजे, म्हणाल्या, परत असं झालं तर काय करायचं. बसा, मी समजावते. मी लगेच खुर्ची पुढे ओढली.

"इनको नहीं," ओजस्विनी म्हणाली. "माँजी को समझाइए."

आई गडबडली. अगं, मला हिंदी कुठे धड येतं, त्याला कळेल पटकन, म्हणाली. मी म्हटलं, मी भाषांतर करतो. ओजस्विनी म्हणाली, नको, मी सांगते मराठीतून.

डॉक्टरीणबाईंना हात लावून दाखवायचं होतं. ओजस्विनीच्या कपाळाला टाके होते, नळीत अजून स्टेंट होता, तिला कुशीवर वळवून दाखवणं शक्य नव्हतं. शेजारचा पलंग रिकामा होता. त्यांनी मला सांगितलं, आप लेट जाइए. मी बूट काढून आडवा झालो. एवढं तरी माझ्याकडून होण्यासारखं होतं.

पलीकडून ओजस्विनीचा आवाज यायला लागला, दमलेला पण स्पष्ट. आधी आजूबाजूचं टोकदार, गरम सगळं बाजूला करायचं. हातपाय धरून ठेवायचे नाहीत. तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, चमचा नाही, बोटं तर नाहीतच. आई "हो, हो" म्हणत होती आणि बँडेजच्या बोटांनी माझ्या शर्टाचं वरचं बटण सोडत होती. मग तिने माझा लांबचा हात धरला, गुडघा दुमडला, आणि डॉक्टरीणबाईंनी दाखवलं तसं मला कुशीवर वळवलं. माझं तोंड भिंतीकडे आलं. डोक्याखाली तिने आपला पदर दुमडून ठेवला.

"असं?"

"असंच. आणि सोबत थांबायचं. मी जागी झाले की मी कुठे आहे ते सांगायचं, बाकी काही विचारायचं नाही. फार वेळ चाललं तर अँब्युलन्स."

आईने ते सगळं पुन्हा पहिल्यापासून म्हणून दाखवलं, बालवाडीतली मुलं कविता म्हणून दाखवतात तसं. ओजस्विनीने एके ठिकाणी दुरुस्त केलं. मग आईने हळूच विचारलं, "आणि हेरंब घरी असला तर?"

भिंतीवर ओल येऊन रंगाचा पोपडा सुटला होता, मी त्याच्याकडे बघत ऐकत होतो.

"तरी तुम्हीच, आई," ओजस्विनी म्हणाली.

मग त्या तिघी औषधाच्या वेळांबद्दल बोलायला लागल्या. मला वळवून ठेवलं होतं तसाच मी पडून होतो, आणि ऊठ असं कोणी म्हणालं नाही.